बोक्याचं पथ्य

आई,

तू असतीस तर हे मी तुला फोनवर सांगितलं असतं, आणि पहिलं वाक्य ऐकूनच तू म्हणाली असतीस, "बरी आहेस ना गं? जेवलीस का?" वाक्य असं आहे की आमच्या बोक्याला डायबिटीस झालाय. दिवसातून दोनदा मी त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून इन्सुलिन टोचते. डॉक्टरीणबाईंनी त्याचे कोरडे दाणे बंद करून डब्यातलं ओलं खाणं सुरू करायला सांगितलं, तर सुरुवातीला ते हा खाईना. मांजर, आई. मांजर मासे खात नाही. ताटलीत ट्यूना काढून पुढे ठेवला की एकदा हुंगतो, आणि मग ताटलीच्या भोवतीची फरशी पुढच्या पायाने खरवडायला लागतो, घाण झाकतात तशी. माझ्या हातच्या ताटलीला घाण म्हणतो मेला. इथे आखातात, रुवैसला, बाहेर पाय ठेवला की चपलेतून चटका बसतो, मी ह्या उन्हात दुकानं धुंडून डबे आणते, चिकनचे, सॅमनचे, रश्श्याचे, बिनरश्श्याचे, आणि हा गडी एसीच्या झोताखाली पसरून माझ्याकडे अर्ध्या डोळ्याने बघतो. खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी. तूप म्हणजे ते पिशवीतले कुरकुरीत दाणे, ज्यांनी त्याची साखर चढवली तेच.

तुला मांजरं आवडत नसत हे मला ठाऊक आहे. मिरजेच्या आपल्या स्वयंपाकघरात मांजर डोकावलं की तू लाटणं उगारायचीस, कारण तिथे पेशंटचे डबे मांडलेले असायचे. दवाखान्यांचं गाव ते, कुठून कुठून माणसं येऊन पडायची, आणि त्यांचे नातेवाईक आपलं दार विचारत यायचे, पथ्याचे डबे इथेच ना? मला ते स्वयंपाकघर आत्ताही दिसतं. तू खाली पाटावर बसलीयेस, पुढे उघडे डबे, कडीला रंगीत दोरे बांधलेले. लाल दोरा बिनमिठाचा, हिरवा साखरवाल्याचा, पांढरा नुकतंच पोट शिवलेल्याचा. मी शाळेतून येऊन दप्तर टाकते न टाकते तोच तू माझ्या हातात डबा देतेस आणि रोजचंच बजावतेस, "झाकण काढून ठेवायचं नि खिडकीशी जाऊन उभं राहायचं. खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, घास अडकतो." ते म्हातारे पैलवान होते, चुरगळलेल्या कानांचे, आठवतात? साखर चढलेली आणि भाताशिवाय घास उचलायचे नाहीत. तू त्यांच्या भातात दलिया घालायला लागलीस, आधी चिमूट, मग मूठ, आणि वरून दाण्याचं कूट. सुटी व्हायच्या वेळी ते नुसता दलिया खात होते आणि मला म्हणत होते, तुझ्या आईच्या हातचा भात न्यारा.

आणि घरी? घरी मी पडवळाची भाजी नको म्हटली तर तीच ताटली रात्री पुढे, तीच दुसऱ्या दिवशी सकाळी. "भूक लागली की खाईल. नखरे जिभेला असतात, पोटाला नसतात." पैलवानाला चिमटीचिमटीने वळवणारी बाई पोटच्या पोरीला सरळ उपाशी ठेवायची. एकदा मी धीर करून विचारलं, तर म्हणालीस, "ते आजारी आहेत. तुला काय धाड भरलीय?" तेव्हा मला इतका राग आला होता की आपल्याला एखादा मोठा आजार व्हावा असं वाटलं. आता ह्या वयातही ती ताटली आठवली की मी थोडी रागावतेच, खोटं कशाला सांगू.

बोका खरं तर तुझ्या नातीचा. शाळेत असताना पार्किंगमधल्या गाडीखालून उचलून आणला तिने, मूठभर होता. आता ती दुबईला नोकरीला लागली. आधी इंटरनॅशनल सिटीत तिघी मुलींबरोबर राहत होती, तिथे मांजर चालत नव्हतं, म्हणून हा माझ्या गळ्यात. आता तिने स्वतःची छोटी जागा घेतलीय, तिथे चालतं. पण तेवढ्यात ह्याचं पाणी पिणं वाढलं, वजन उतरलं, मागचे पाय लटपटायला लागले, आणि अबूधाबीला नेल्यावर साखर निघाली. डॉक्टरीणबाई सीरियाच्या आहेत, गोऱ्यापान, आवाज एकदम हवालदाराचा. म्हणाल्या, ओल्या खाण्यावर आला तर साखर उतरेल, कदाचित इन्सुलिनही सुटेल, आणि नाही आला तर हा फार काळ काढायचा नाही. लेक व्हिडिओवर हे ऐकत होती. तिचे डोळे भरले आणि लगेच तिने ठरवूनही टाकलं, "ममा, यू जस्ट गेट हिम ऑन वेट फूड. वन्स ही इज स्टेबल, आय विल टेक हिम." म्हणजे लढाई मी लढायची, आणि जिंकल्यावर राजा ती घेऊन जाणार. बरं, ऑफिसात दिवसभर असते बिचारी, ताटलीपाशी बसून राहणं तिला जमणार नाही, हे मलाही कळत होतं. म्हटलं ठीक आहे, एकदा खायला लागू दे आणि जाऊ दे, माझ्या मागचं झेंगट सुटेल.

मग मी काय केलं सांगू? तुझा नियम लावला. पैलवानाचा नाही, पडवळाचा. दाण्यांची पिशवी वरच्या फडताळात टाकली, ताटलीत नुसतं ओलं खाणं ठेवलं आणि म्हटलं, भूक लागली की खाशील. दिवसभर त्याने तोंड लावलं नाही. जेवला नाही तर इन्सुलिन द्यायचं नाही आणि फोन करायचा, असं बाईंनी बजावलं होतं. मी संध्याकाळचं इन्सुलिन दिलं नाही, पण फोनही केला नाही, कारण मला खात्री होती की सकाळपर्यंत तो शरण येतोय. श्रावणातला सोमवार होता. मी उठून पुन्हा ताटली भरून कट्ट्याच्या खाली ठेवली आणि अंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर ताटली लख्ख. आई, मला इतका आनंद झाला. मनात म्हटलंसुद्धा, आईचं म्हणणं शेवटी खरं, पोटाला नखरे नसतात. फ्रिजच्या दारातून इन्सुलिन काढलं आणि पूर्ण डोस टोचला.

अकराच्या सुमारास तो सोफ्याखालून बाहेर आला तो वाकडा चालत. दारू प्यायल्यासारखा. मागचे पाय फताडे पडत होते, भिंतीला धडकला आणि तिथेच बसला, नजर कुठेतरी दुसरीकडेच. मी हाका मारल्या तर कानसुद्धा हलवला नाही. हे रात्रपाळी करून येऊन झोपले होते, माझ्या आवाजाने धडपडत उठले. मी म्हटलं, अहो, सकाळी सगळं खाल्लं त्याने, आणि आता हे काय झालं? तर हे डोळे चोळत म्हणतात, "खाल्लं कुठं? ताटली मीच धुतली की. सोमवारचा उपास, आणि दारातच मासळीचा वास आला. खरकटं कशाला ठेवायचं, म्हणून टाकलं नि ताटली धुवून परत तिथंच ठेवली." लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्या माणसाने घरातली एक वाटी कधी विसळली नाही. चहाचा कप जिथे प्याला तिथे ठेवणारा माणूस. आणि आयुष्यात पहिल्यांदा ताटली धुतली ती ही. त्याला साबण कुठे असतो ते तरी कसं सापडलं, देव जाणे.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या ओरडल्या, हिरड्यांना मध चोळा, थोडा थोडा, आत्ता. घरात मध एकच होता, पंचामृतासाठी देवघरात ठेवलेला. ह्यांनी पूजेची बाटली उचलली आणि बोटाने त्याच्या हिरड्यांना मध लावायला बसले, मांडी घालून, सोवळंओवळं सगळं विसरून. जरा वेळाने त्याने जीभ हलवली. मग त्याला कपड्यांच्या बास्केटमध्ये टॉवेलवर घातलं आणि निघालो अबूधाबीला. तुला अंतर कळायचं म्हणून सांगते, मिरज ते पुणे एवढं धर, आणि वाटेत नुसती वाळू नि ट्रक. हे उपाशीपोटी, रात्रीची झोप नाही, पण गाडी हाकत होते. मी मागे बास्केट मांडीवर घेऊन मधाचं बोट त्याच्या तोंडात घालत होते आणि रडत होते. घाबरले होते मी. लेकीला काय सांगू, हे तर होतंच. पण खरं म्हणजे तो जाईल ह्याचीच भीती वाटत होती, लेकीचं नंतर.

तिथे सलाइन लावलं, बोका शुद्धीवर आला, आणि मग बाई माझ्याकडे वळल्या. मांजराला उपाशी ठेवायचं नसतं, दोन-तीन दिवसांत त्याचं लिव्हर जातं, आणि साखरवाल्या मांजराला तर अजिबात नाही. "हू टोल्ड यू टू डू धिस?" मी म्हटलं, "माय मदर." त्यांनी हात पुढे केला. "गिव्ह मी हर नंबर. आय विल टॉक टू युवर मदर." आई, मला त्या क्षणी तुझा नंबर तोंडपाठ आठवला. मिरजेच्या घराचा, जुना. मी म्हटलं, शी इज ट्रॅव्हलिंग. हे माझ्याकडे बघतच राहिले. बाई म्हणाल्या, हबीबती, इकडचं 'अगं बाळा' ते, तुमच्या आईला सांगा की हा पेशंट आहे, हट्टी मूल नाही. मी मान डोलावली. हा फरक तुला बाईंच्या आधीपासून माहीत होता, तो मलाच आठवायला नको होता का? पण तू तरी कशाला दोन नियम ठेवलेस? एकच ठेवला असतास तर माझी गफलत झाली नसती.

मग सुरू झाला पैलवानाचा प्रकार. दाणे पुन्हा काढले, त्यात चमचाभर ओलं मिसळलं. लेक फोनवर शिकवत होतीच, "जस्ट मिक्स इट स्लोली, ममा. एव्हरीवन डज इट." एव्हरीवनच्या घरी हा बोका नसावा. त्याने एकेक दाणा तोंडात धरून बाहेर काढला, चाटून कोरडा केला, खाल्ला, आणि ओलं सगळं ताटलीच्या कडेला रचून ठेवलं, आपण आमटीतली आमसुलं काढून ठेवतो तसं. ओलं कोमट केलं, तर हुंगून गेला. बारीक केलं, तर गेला. पसरट ताटली घेतली, मिशा टेकू नयेत म्हणून, तरी गेला. बोटावर घेऊन त्याच्या तोंडाशी नेलं, तर त्याने बोट सोडून माझ्या गाऊनला नाक पुसलं. हे म्हणाले, "आपल्या लेकीलासुद्धा तू एवढं भरवलं नाहीस." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तुमची ताटली धुवायची हौस मी विसरलेली नाही. शेजारच्या केरळच्या बाई रोज जिन्यात विचारायच्या, "खाया?" आणि मी रोज मान हलवायची. पालथ्या घड्यावर पाणी चाललं होतं. एका दुपारी मी त्याच्यासमोर फरशीवर बसून त्याला चक्क शिव्या दिल्या, तुझ्या, मिरजेच्या. तो ऐकून घेत होता आणि शेपूट हळूहळू हलवत होता, मग उठून पाणी प्यायला गेला.

जमलं ते कशाने, सांगितलं तर हसशील. मी इकडे यायला निघाले तेव्हा तू मला तो लोखंडी खलबत्ता दिला होतास. मी नको नको म्हणत होते, मिक्सर मिळतो तिकडे, आणि तू तो माझ्या साड्यांच्या मधोमध गुंडाळून ठेवलास. इकडच्या विमानतळावर मशीनमध्ये तो दिसला, बॅग उघडायला लावली, आणि तिथला अरब पोलीस बत्ता हातात घेऊन वजन करत मला विचारत होता की हे नेमकं कशासाठी. मी म्हटलं, पीनट. त्याने बत्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नि म्हणाला, "यल्ला, गो." तर त्या खलबत्त्यात मी ह्यांच्या उपासाच्या खिचडीसाठी दाणे कुटत होते. आपल्या घरात भाजी कुठलीही असो, वर कूट पडल्याशिवाय ती भाजी नाही, माझाही हात तसाच वळलाय. कुटता कुटता मला वाटलं, दाणे त्यालाही आवडतातच की. खिचडीचं कूट काढून ठेवलं, खलबत्ता पुसला, आणि बोक्याचे चार दाणे टाकून कुटले. अगदी पीठ. ओल्या खाण्याच्या गोळ्यावर ते भुरभुरवलं आणि ताटली ठेवली. आले साहेब. हुंगलं. जिभेने वरचं कूट चाटलं, कुटाला चिकटून खालचं ओलं तोंडात गेलं, आणि तो थबकला. मग पुन्हा जीभ. ताटलीतलं निम्मं संपलं. मी खलबत्त्यात काय कुटलं ते ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "ह्यात माझं उपासाचं होतं ना?" मी म्हटलं, होतं, आणि परत होईल, घासून देते.

त्यानंतर कूट रोज थोडं थोडं कमी करत आणलं. ते कसं करायचं ते मला कुणी शिकवायला नको होतं. मधेच एकदा तो पुन्हा अडून बसला, मी पुन्हा चिमूटभर वाढवलं, पुन्हा उतरवलं. वैताग तसाच. सकाळी उठल्यावर पहिलं काम त्याची ताटली, भिशीला गेले तरी जीव घड्याळात, कुणाकडे जेवायला बोलावलं तर मी म्हणते साडेसातच्या आत येत नाही, बोक्याचं इंजेक्शन आहे, आणि बायका एकमेकींकडे बघतात. तुझंही असंच व्हायचं, लग्नाला जेवायला जायचीस ती डबे पोचवून, पंगत उठता उठता. शेवटी तुला स्वतःला साखर निघाली तेव्हा तू कसली वागलीस ते मात्र मी विसरणार नाही. गावाला पथ्य वाढणारी बाई, आणि स्वतःच्या चहात दोन चमचे, वर तोंड करून "मला काही होत नाही." मी सुटीत आले की तुझ्यामागे फिरायची, आई, भात कमी कर, आई, गोड नको, आणि तू ताट सरकवून भिंतीकडे बघत बसायचीस. तो बोका भिंतीकडे बघत बसतो ना, तेव्हा मला तुझाच राग येतो, हे सांगितलं तर तुला आवडणार नाही. तुझ्या ताटात कूट भुरभुरवायला मी तिथे असते तर कदाचित तूही खाल्लं असतंस. पण मी दोन आठवड्यांची पाहुणी, आणि माझ्या घाईत तू काय वळणार होतीस.

गेल्या आठवड्यात पुन्हा अबूधाबीला जाऊन आलो. तो आता नुसतं ओलं खातो, कूट शून्य. डॉक्टरीणबाईंनी साखर बघितली, पुन्हा बघितली, आणि पहिल्यांदाच हसल्या. इन्सुलिन निम्मं केलं, म्हणाल्या, असंच राहिलं तर इन्शाल्ला खलास, सुटलं. वजन भरलंय, अंगावर तकाकी आलीय, पाय लटपटत नाहीत, फ्रिजवर उडी मारतो आणि तिथून माझ्यावर नजर ठेवतो. घरात दिवसभर आम्ही दोघंच. ह्यांची पाळी, लेक दुबईला, बाहेर बघायला रिफायनरीच्या धुराड्यावरची ज्योत नि वाळू. लेक गेल्यावर पहिल्या महिन्यात घर मला खायला उठायचं. आता सकाळपासून भांडायला कुणीतरी असतं.

काल संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिने नव्या जागेत त्याच्यासाठी खिडकीत फळी बसवून घेतलीय, उन्हात बसायला, ती दाखवली. मग म्हणाली, "सो, इज ही ईटिंग? कॅन आय कम धिस वीकेंड अँड टेक हिम?" तो माझ्या पायाशी ताटलीत तोंड खुपसून चिकन हाणत होता, चपचप आवाज येत होता. मी फोन घेऊन बाल्कनीत गेले, दार लावलं आणि म्हटलं, "कुठलं गं, दोन घास खातो नि तोंड फिरवतो. साखरही वर-खाली आहे. एवढ्यात नको नेऊस, जरा राहू दे." तिने "ओह, पुअर बेबी" म्हटलं, मलाही म्हटलं, "पुअर यू, ममा." मी म्हटलं, हो ना. हे पत्र काही कुठे जायचं नाही, लिहून झालं की फाडेन. पण ती पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारेल, आणि मी पुन्हा हेच सांगणार आहे.